फिका निळा रंग

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवणारी नव्हे, ठिणगी पाडणारी, टंगस्टन नावाच्या चिवट धातूची. वेल्डरकाकांच्या पाकिटात नऊ भावंडांसोबत पडून होते. तिथून एका संशोधक बाईंनी मला मागून आणले, चाकावर घासून टोक काढले आणि काचेच्या भांड्यात, पाण्याच्या जेमतेम वर टांगले.

हवेत नायट्रोजन भरपूर, पण पिकाला तो तसाच खाता येत नाही. नायट्रेट आणि अमोनिया बनवून तो पाण्यात उतरवला की झाले खत. बाईंना तेच हवे होते. माझ्यात वीज सोडली की टोकापासून पाण्यापर्यंत जांभळी ज्योत तडतडायची. तिला प्लाझ्मा म्हणतात. तिच्यात नायट्रोजनची घट्ट जोडी फुटायची. वीज आली की काम, गेली की माझी चुळबुळ सुरू.

पहिल्याच आठवड्यात तपासणीचे थेंब टाकताच पाणी गडद निळे झाले. निळे म्हणजे अमोनिया! पाहुणे येऊन माझे फोटो काढू लागले. मला मात्र चैन पडेना. सफाईचे काम करणारे मामा रोज सकाळी सर्वांच्या आधी येत आणि माझे भांडे काचा पुसायच्या द्रावणाने आतूनबाहेरून पुसत. पुसताना त्यांना शिंका येत, कारण त्या द्रावणातच अमोनिया होता. हे ओरडून सांगावे तर मला तोंड नाही, नुसतेच टोक.

शोधनिबंध पाठवायचा दिवस आला. बाईंची चार वर्षांची मेहनत त्यात होती. पाठवण्याआधी खात्री म्हणून त्यांनी नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडला. हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यातून अमोनिया बनणे शक्यच नाही. तरी पाणी निळे झाले. बाईंनी भांडे उलटसुलट करून पाहिले आणि मामांना हाक मारली.

"मामा, या भांड्याला कुणी हात लावतं का?"

"मीच लावतो. रोज चकाचक करतो. पाहुणे येतात ना तुमचे!"

"कशानं पुसता?"

मामांनी बाटली पुढे केली. बाईंनी ती हुंगली आणि डोळे मिटून घेतले.

"माझं काही चुकलं का, बाई?"

"माझंच चुकलं. आर्गॉन पहिल्याच दिवशी सोडून बघायला हवा होता."

शोधनिबंध त्या दिवशी गेला नाही. दोघांनी मिळून भांडे शुद्ध पाण्याने सात वेळा धुतले. पुन्हा आर्गॉन सोडला, पाणी रंगले नाही. मग नायट्रोजन सोडला. मी जीव तोडून तडतडले. नायट्रेट चांगले निघाले, पण अमोनियाचा रंग इतका फिका की बाईंनी परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरली.

"आहे हो," मामा हळूच म्हणाले. "थोडा आहे, पण आहे."

बाई रडल्या की हसल्या, मला नीट कळले नाही.

आता माझे टोक झिजले आहे. खणात पडून आहे, पण चुळबुळ काही जात नाही. मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपायचे असेल तर चमकवू नका, शुद्ध पाण्याने धुवा. आणि शाबासकी देण्याआधी एकदा आर्गॉन सोडून बघा. त्या गडद रंगासाठी माझे फोटो निघाले, पण माझा होता तो फिकाच.