मुकी फेरी

यंदा मुकी फेरी नको, असं धाकटा म्हणाला आणि ताईच्या मनात पाल चुकचुकली.

गेली काही वर्षं ही दोघं भावंडं मिळून वर्षातून एकदा लोकांसाठी एक संध्याकाळ साजरी करत होती. जगभरातून आलेले, डबस्टेप नावाच्या दणक्याच्या संगीताचे उत्तमोत्तम व्हिडिओ, मोठ्या पडद्यावर, धाकट्याच्या दणदणीत स्पीकरांवर. स्पीकर भाड्यानं देणं हा त्याचा धंदाच. देशोदेशीच्या कलाकारांशी संपर्क तो ठेवायचा, निवड ताई करायची. निवडीची रीतही तिचीच. व्हिडिओ पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचा. डबस्टेपमध्ये सूर चढत चढत जातो, क्षणभर श्वास रोखतो आणि मग जडशीळ खर्ज छातीवर येऊन आदळतो. त्या ‘ड्रॉप’च्या वेळी पडद्यावर काहीही दाखवलं तरी माणूस भारावतो. आवाज काढून घेतला की पितळ उघडं पडतं. हीच ती मुकी फेरी.

‘उगाच वेळ जातो गं त्यात,’ धाकटा म्हणाला. हे कोण बोलतंय, तर एक वायर शोधण्यात अख्खी दुपार घालवणारा माणूस.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गाडीच्या परवान्यासाठी आलेली माणसं तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि घडाघडा म्हणून दाखवतात. मग ताई हळूच तक्ता बदलते. रोज कुणी ना कुणी तिच्याशी खोटं बोलतं, तेही हसत हसत. त्यामुळे संशय हा आपला स्वभाव की धंदा, हे आता तिचं तिलाही सांगता येत नसे. शिवाय मंचावर उभं राहून ‘हा अमुक देशाचा’ असं सांगायचं ते तिनंच. धाकट्यानं भलतंच काही घुसडलं असेल तर नाक कापलं जाणार तिचं. तो नामानिराळा राहणार, स्पीकरमागे वायरी गुंडाळत.

व्हिडिओ बघायला ती दर रविवारी बाबा आणि धाकटा राहत त्या घरी यायची. तेवढंच यायची, खरं सांगायचं तर. आई होती तोवर बाबांशी बोलणं आईमार्फत चालायचं. आई गेली आणि मधला रस्ताच उखडला. बाबा आयुष्यभर लिफ्टदुरुस्ती केलेले, आता निवृत्त. रविवारी ते खुर्चीच्या कडेवर बसत, शेवटपर्यंत हलत नसत आणि प्रत्येक व्हिडिओला एकच विचारत, ‘हा कुठला?’

त्या रविवारी फिनलंडचा लागला. चकचकीत कागदाचा मुखवटा घातलेला एक माणूस रिकाम्या इमारतीचा जिना उतरतोय. सूर चढतो, थांबतो, ड्रॉप कोसळतो. अशा वेळी सगळे उड्या मारतात. हा कठड्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘कोण आहे देव जाणे,’ ती म्हणाली, ‘पण याचं कुणीतरी गेलंय.’

बाबा उठून पाणी प्यायला गेले. धाकट्यानं घाईघाईनं पुढचा लावला. त्याची ती घाई ताईच्या डोळ्यांत खुपली. निघताना तिनं सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घेतले. देताना त्याचा चेहरा असा, की जणू दात काढायला बसवलाय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत, ताईनं एकटीनंच मुकी फेरी घेतली. ब्राझीलचे वेल्डर आवाजाविनाही तडतडत होते. केनियाच्या सलूनमध्ये ड्रॉपला गिऱ्हाइकांच्या मिशा थरथरत होत्या. हे अस्सल. मग फिनलंड आला.

मुखवटेवाला पायरीवर पाय टाकण्याआधी हनुवटी पार छातीला टेकवत होता. प्रत्येक पायरीला. ताईनं चिलीचा लावला. त्यात पुठ्ठ्याचं घोड्याचं तोंड होतं, पण जिना आला की हनुवटी खाली. जॉर्जियाच्या, डोक्यावर बादली घातलेल्या माणसाचंही तेच. तीन देश, तीन सोंगं आणि मान एकच!

ही मान ती रोज बघायची. एकाच काचेत दूरचं आणि जवळचं असा चष्मा नवा नवा लागला की पायऱ्या काचेच्या खालच्या भागातून दिसतात आणि डुलायला लागतात. मग माणूस वरच्या भागातून बघण्यासाठी मान अशी घालतो. गेल्याच महिन्यात कुणीतरी तिला म्हणालं होतं, ‘पायऱ्या हलतात गं.’ आणि तिनं वर न बघताच उत्तर दिलं होतं, ‘होईल सवय.’

ते गिऱ्हाईक नव्हतं. ते बाबा होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दोघं मिळून आपल्याला बनवतायत! डोकं दुखतंय असं सांगून ती दुकानातून निघाली ती थेट घरी.

खालच्या दारातच पायांना खर्ज जाणवला. वर, एरवी कुलूपबंद असणाऱ्या गच्चीच्या जिन्यात स्पीकर लावलेला, धाकटा कॅमेऱ्याला डोळा लावून उकिडवा बसलेला आणि डोक्यावर खोकं घातलेला एक इसम कठडा धरून जपून उतरत होता.

‘हा कुठला?’ ताईनं विचारलं.

धाकट्यानं स्पीकर बंद केला. जिना एकदम गप्प झाला.

‘नॉर्वे,’ खोक्यातून बाबांचा आवाज आला.

‘ताई, ऐकून तरी घे,’ धाकटा म्हणाला. ‘यंदा व्हिडिओ आलेच नाहीत गं. सगळे मिळून चार. जुनी मंडळी दुसरंच काही करायला लागली, कुणी साधं उत्तर देत नाही.’

‘मग तसं सांगायला तोंड नव्हतं तुला?’

‘सांगणारच होतो. पण बाबा म्हणाले...’

बाबांनी खोकं काढलं. चष्मा एका कानावरून निसटून लोंबत होता. ‘चार व्हिडिओ म्हणजे एक रविवार,’ ते म्हणाले. ‘मग तू कशाला येशील?’

‘आणि मंचावर उभी राहून मी फिनलंड-फिनलंड करत बसले असते, त्याचं काय?’

‘तिथवर जाऊच दिलं नसतं. याच्याकडून तसं वचन घेतलंय. हे आपलं घरातल्या घरात.’

ताईला खूप बोलायचं होतं, आणि राग तर अजून तसाच होता. पण तोंडून भलतंच निघालं. ‘फिनलंडला तुम्ही नाचला का नाहीत?’

‘नाचायचंच ठरलं होतं.’ बाबांनी चष्मा नाकावर बसवला. ‘पण तो खर्ज पायातून वर आला. यानं घरात स्पीकर लावला की फळीवरची भांडी वाजायची, आणि तुझी आई... तेच आठवलं. पाय उचललाच नाही.’

याचं कुणीतरी गेलंय, असं ती म्हणाली होती तेव्हा तो माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीच्या कडेवर बसला होता. फिनलंडच्या परक्यासाठी तिच्या डोळ्यांना पाणी होतं. यांना मात्र इतक्या दिवसांत तिनं ‘कसे आहात’ एवढंही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

‘हे तिन्ही बाद,’ ती कशीबशी म्हणाली. ‘घरच्यांचे चालत नाहीत. कार्यक्रम चारांचाच होईल.’

‘बरोबर आहे,’ म्हणत बाबा निमूटपणे खोक्याची घडी घालू लागले.

‘आणि रविवारी मी येते. पण काही लावायचं नाही.’

‘मग करायचं काय?’ बाबांनी खरोखरच धास्तावून विचारलं.

ते ताईलाही ठाऊक नव्हतं. ती तिथंच पायरीवर बसली आणि शेजारची जागा हातानं झटकली. ‘बसा,’ ती म्हणाली. ‘भांडी वाजली की आई काय करायची?’