अंबूबाईचं उखळ आणि इमामभाईचं नाक

शिंक खोटी होती.

माझं तपकिरीचं दुकान. उभा जन्म मी लोकांना शिंकाच विकल्या, त्यामुळं शिंकेतलं मला कळतं. खरी शिंक यायच्या आधी माणूस कावराबावरा होतो, तोंड वासतो, आढ्याकडं बघतो, हातातलं काम धरू का सोडू हे त्याला सुचत नाही. इमामभाईनं यातलं काहीच केलं नाही. समोरच्या दुकानात तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याच्या चिमट्यातून काहीतरी टिंग करून उडालं, आणि मग त्यानं सावकाशीनं शिंक काढली.

"आऽऽक्छू! अंबूबाई! बंद करा ते मुसळ! पुर्जा उडाला की माझा!"

शेजारच्या अंगणात अंबूबाई पदर खोचून उखळापुढं उभी होती. आमच्या कोल्हापूरच्या शनिवार पेठेतल्या निम्म्या घरांची वर्षाची चटणी तीच कुटायची. दंड असे, की तालमीतली पोरं तिच्या अंगणावरून जाताना बाह्या खाली करत.

"चैत्रात चटणी कुटू नको तर काय पावसात कुटू व्हय, इमामभाऊ? नाक तुमचं हाय. झाका की!"

"नाक झाकलं तर श्वास कुठनं घेऊ?"

"तोंड हाय की. तसंबी दिवसभर उघडंच असतंय."

गल्ली हसली. इमामभाई गुडघ्यावर बसून पुर्जा शोधायला लागला. मी मात्र माझ्या डबीवर बोटं वाजवत विचार करत होतो. कारण आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. इमामभाई पक्का नमाजी. खरी शिंक आली की त्याच्या तोंडून आपसूक "अल्हम्दुलिल्लाह" निघायचं. माझ्या दुकानात फुकटची चिमूट ओढून तो किती वेळा शिंकला असेल, पण देवाचे आभार मानायला कधी चुकला नव्हता. आणि आता रोज शिंकत होता, पण देवाचं नाव नाही. खोट्यात देवाला ओढायचं नाही, एवढी चाड बिचाऱ्याला होती.

इमामभाई घड्याळजी. शाहू महाराजांचं राज्य, गावात घड्याळं अजून मोजकी, पण इमामभाईचा रुबाब असा की सूर्य त्याला विचारून उगवतो. "बेळगावापासनं साताऱ्यापर्यंत केसाएवढा आस कातणारा मी एकलाच," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, गिऱ्हाईक असो की दारात आलेला फकीर. बढाई होती, पण खोटी नव्हती. त्याच्याकडं मुठीत मावेल एवढा चरक होता. त्यात शिवायची सुई बसवायची, एका हातानं छोटी धनुकली पुढंमागं ओढायची, की सुई गरागरा फिरायची. दुसऱ्या हातातल्या पटाशीनं मग तिला सोलत जायचं, मुंगीच्या पायाएवढी बारीक होईपर्यंत; तोच चाकाचा आस. शेवटची चकाकी त्याची बायको अमीरबी द्यायची. पडद्याआड बसून, लाकडाच्या कांडीला तेल लावून. "माझा हात खडबडीत पडतोय," एवढं एक कौतुक इमामभाई दुसऱ्याचं करायचा.

आता जे घड्याळ अडलं होतं, ते गणपतरावांचं. गणपतराव म्हणजे कोपऱ्यावरचे भुसारी. घड्याळ त्यांना लग्नात सासऱ्यानं दिलेलं. खासबागेचं मैदान तेव्हा नवं कोरं होतं. तिथं आपल्या तालमीच्या गड्यानं समोरच्याला चीत केलं, तसा गणपतरावांनी आनंदानं पटका उधळला. साखळी पटक्याच्या शेवात अडकली होती, त्यामुळं घड्याळही उधळलं गेलं. पटका परत आला. घड्याळ आलं ते मुकं होऊन. आतल्या डुलत्या चाकाचा आस मोडला होता.

आणि अक्षय तृतीयेला सासरा कुरुंदवाडहून आंबे घेऊन यायचा होता. म्हातारा दरवर्षी यायचा, उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी विचारायचा, "जावईबापू, किती वाजलं?" पाणी नंतर, रामराम नंतर.

"इमामभाई," गणपतराव रोज येऊन रडायचे, "सासरा चार माणसांत माझी चटणी करील. तुमच्यानं होत नसंल तर सांगा, मिरजेला धाडतो."

"मिरजेला?" इमामभाई ताडकन उभा राहायचा. "माझ्या गल्लीतलं घड्याळ मिरजेला गेलं, तर ही दारावरची पाटी उतरून चुलीत घालीन! मग मी कसला घड्याळजी? बसंन कुठंतरी रस्सी वळत. त्या बाईचं मुसळ थांबवा, दुसऱ्या दिवशी घड्याळ घ्या!"

मला वाटलं, यानं घड्याळ बिघडवून ठेवलंय आणि आता शिंकेआड लपतोय. असल्या माणसाला उघडं पाडायची मजा मी सोडणाऱ्यातला नव्हे. शिवाय मागच्याच आठवड्यात त्यानं एक भारी खोडी केली होती. गणपतरावांची म्हैस दारात उभी होती, तिला त्यानं अदबीनं सलाम केला आणि विचारलं, "काय गणपतराव, जेवणं झाली?" म्हशीमागं खुद्द गणपतराव उभे. महिनाभर पुरेल एवढा मी हसलो. जोडीदार भेटला, असं वाटलं मला. पण खोडकर माणसाची खोडी काढण्यात तर दुप्पट मजा.

मी अंबूबाईकडं गेलो.

"आक्का, गल्लीची अब्रू तुझ्या मुसळात हाय."

"काय बरळाय लागलाईस, गुंड्या?"

"घड्याळ मिरजेला निघालंय. उद्या मिरजेची माणसं म्हणतील, कोल्हापूरकरांस्नी चटणीपायी वेळसुद्धा कळंना झाली."

अंबूबाईला मिरजेचं नाव चालायचं नाही; तिची धाकटी जाऊ मिरजेची. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. "एवढंच न्हवं? न्हाय कुटत. बघू त्यांचं नाक आता काय म्हंतंय."

नुसती थांबली नाही. घरोघर फिरून सांगून आली. कुणी मिरच्या भाजायच्या नाहीत, कुणी मसाला परतायचा नाही, चुलीत ओलं लाकूड घालायचं नाही. वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा बायकांनी पोत्यात भरून आत नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत असा सन्नाटा, की कुणीतरी मोठं माणूस गेलं असावं. त्या दिवशी सगळ्यांनी बिनफोडणीचं खाल्लं. कोल्हापुरात यापरता त्याग नाही.

मी इमामभाईच्या दारात जाऊन हात जोडले. "बसा आता कामाला. वारासुद्धा आमी पलीकडच्या गल्लीनं धाडलाय."

इमामभाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं हवा हुंगली. डावीकडं हुंगली, उजवीकडं हुंगली. मिरचीचा वास कुठंच नव्हता.

"धूळ लई हाय आज," तो म्हणाला.

"शिंपडलंय की पाणी!" अंबूबाई पलीकडून ओरडली. दोन घागरी ओतून तिनं खरंच सडा घातला होता. "बसा निवांत! तुमच्यापायी आमी अळणी खाल्लंय!"

लोक जमले. गणपतराव तर दुकान बंद करून आले आणि पायरीवर मांडी घालून बसले. बायका ओट्यांवर. मी सगळ्यात पुढं, मजा बघायला.

इमामभाई बसला. भिंग लावलं. सुई चरकात बसवायला गेला, ती पहिल्यांदा बाहेर पडली, दुसऱ्यांदा बाहेर पडली, तिसऱ्यांदा बसली. तीसुद्धा बोटानं चाचपून. धनुकली ओढली. सुई गरगर फिरायला लागली. मग त्यानं पटाशी उचलली, मोठ्या ऐटीत, मनगट झटकून, आणि टेकवली.

सुईच्या बोटभर अलीकडं. हवेत.

तो हवा सोलत होता. झोकात सोलत होता. मान तिरकी, ओठ आवळलेले, सगळं पूर्वीसारखं. गणपतराव पायरीवरून कौतुकानं बघत होते. एवढं बारीक काम, आपल्याला दिसणार कसं, अशी त्यांची समजूत. पण मी जवळ होतो. मी पडद्याकडं पाहिलं. पडदा जरासा सरकलेला, आणि अमीरबीच्या तोंडावर पदर गच्च धरलेला होता.

म्हैस मला तेव्हा आठवली. ती खोडी नव्हती.

माझं हसू मिशीतच अडकलं. आता काय करावं? गल्ली गोळा करून आणली ती मीच. अजून थोडा वेळ गेला की सुई दाखवावी लागणार, आणि सुई जशीच्या तशी. माझा हात खिशातल्या डबीकडं गेला. मूठभर तपकीर उधळावी आणि पळावं, असा माझा बेत. तेवढ्यात मागून हाक आली.

"मरू दे ती मिरज!"

अंबूबाई होती. कधीपासून ती माझ्यामागं उभी राहून बघत होती, कोण जाणे. तिनं पोतं फरफटत आणलं. तिचं दगडी उखळ अंगणात पुरलेलं, म्हणून शेजारणीचं लाकडी उखळ कमरेवर उचलून आणलं आणि इमामभाईच्या पायरीखाली दाणकन ठेवलं.

"आगं आक्का, काय करतीस?" गणपतराव किंचाळले.

"काय करतीस म्हंजे? कामं खोळंबल्यात माझी! मिरच्या पोत्यात कुबट व्हाय लागल्यात. तुमच्या सासऱ्यापायी मी गल्लीला वर्सभर अळणी खायला घालू व्हय? सरका!"

"पर घड्याळ..."

"घड्याळ गेलं खड्ड्यात!"

आणि मुसळ पडलं. ती नेहमीची चटणी नव्हती. संकेश्वरी मिरची, वरनं लवंगीची मूठ, आणि दणके असे, की उखळातून लाल धूर निघाला. पहिल्या दणक्याला पायरी रिकामी झाली. दुसऱ्याला ओटे रिकामे झाले. गणपतराव दोन्ही हातांनी डोळे पुसत उलट्या दिशेनं पळाले आणि स्वतःच्याच म्हशीवर आदळले. मी, तपकिरीवर वाढलेला माणूस, माझ्यासुद्धा नाकातोंडातून पाणी आलं.

इमामभाईच्या हातातली पटाशी थांबली. तो कावराबावरा झाला. तोंड वासलं. आढ्याकडं बघितलं.

"आऽऽऽक्छी!"

चरक हलला. गल्लीतली कुत्री उठली.

"अल्हम्दुलिल्लाह!" इमामभाई म्हणाला.

मग तो उभा राहिला. आधी भिंतीला हात लावला, मग अंगरखा झटकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण आवाज दरबारातला.

"बघितलासा? बघितलासा सगळ्यांनी? या खकाण्यात कोण माणूस काम करील? नाकच ऱ्हाईलं न्हाय माझं!"

"न्हाय ऱ्हाईलं, इमामभाई," मी पलीकडच्या ओट्यावरून खोकत म्हणालो. "नाकापुढं कुणाचं चालतंय?"

"अमीरबी!" तो आत बघून म्हणाला. "तुला सर्दी हाय न्हवं?"

 भर चैत्र. उन्हानं कौलं तडकत होती.

मग आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "हाय की. लई दिसांची हाय."

"मग तुला खकाणा लागायचा न्हाय. बस चरकावर. मी सांगतो तसं कर."

अमीरबी बाहेर आली. नाकावरून पदर बांधून, डोळे तेवढे उघडे ठेवून चरकापुढं बसली. जन्मभर चकाकी देऊन तिच्या बोटांना तो आस पाठ होता. धनुकली हलली आणि सुईवरनं पहिल्यांदाच कीस निघाला, लुकलुकणारा. इमामभाई दारात रस्त्याकडं तोंड करून बसला. भिंग डोळ्यावर तसंच. मागं वळूनही न बघता ओरडायचा, "हलक्या हातानं! घाई न्हाय! मिरजेला काय आग लागली न्हाय!" आणि आत ती शांतपणे सोलत होती. खाली अंबूबाई कुटत होती. ती काही थांबली नाही. घामानं निथळली, तरी नाही.

सासरा आला. उंबऱ्याबाहेरूनच गरजला, "जावईबापू, किती वाजलं?"

गणपतरावांनी छाती काढून घड्याळ त्याच्या हातात दिलं. "तुमीच बघा की, मामा."

म्हाताऱ्यानं घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, मग कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. "चालतंय," म्हणाला आणि घाईनं परत दिलं. तेव्हा आम्हाला कळलं, म्हातारा इतकी वर्षं का विचारत होता. त्याला काटे वाचताच येत नव्हते.

पुढं गल्लीला सवय झाली. इमामभाईकडं बारीक काम आलं, की तो अंबूबाईच्या अंगणाकडं बघून खाकरायचा. आत अमीरबीला सर्दी व्हायची. आणि मुसळ सुरू व्हायचं. श्रावण असो, दिवाळी असो. परगावचे पावणे विचारायचे, "बारा महिनं चटणी कुटतासा व्हय?" अंबूबाई म्हणायची, "आमची माणसं तिखट खात्यात." पाटी दारावर होती ती तशीच राहिली.

एकदा माघात बेळगावच्या कुणा साहेबाचं घड्याळ आलं. त्या साली मिरची पिकलीच नव्हती, घरोघर डबे रिकामे. इमामभाई दारात येऊन बसला आणि खाकरला. मी दुकानातून बघत होतो. अंबूबाई बाहेर आली, उखळात वाकून बघितलं, मग मुसळ उचललं आणि कुटायला लागली. दगडावर लाकूड. ठक, ठक, ठक. धूर नाही, वास नाही.

इमामभाईनं कान देऊन ऐकलं. त्याला कळलं असणार. आता त्याला सगळं कानानंच कळायचं. आत धनुकली फिरायला लागली होती.

त्यानं खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, आणि सावकाशीनं शिंकला. देवाचं नाव घेतलं नाही.

"लई खकाणा झाला का वो, इमामभाऊ?" अंबूबाईनं विचारलं.

"लई," तो म्हणाला, आणि डोळे पुसले.