चौथ्या कार्डाला खबर नव्हती

घड्याळजींचं म्हणणं सरळ होतं. घड्याळ काय एकाच मोठ्या चाकावर चालतं? मग संगणकात एकच दांडगं ग्राफिक्स कार्ड कशाला? जुन्या बाजारातून त्यांनी चार म्हातारी कार्डं आणली आणि एका डब्यात कोंबली. शर्यतीच्या खेळातली चित्रं चौघांनी पाळीपाळीने काढायची. धुळीचा जन्मभराचा धसका, म्हणून पंखे सगळे बाहेर फुंकणारे बसवले.

"एक ना धड भाराभर चिंध्या, भावोजी," मेहुणा म्हणाला. त्याच्या डब्यात एकच कार्ड, पण विटेएवढं.

"चिंध्यांचीच गोधडी होते," घड्याळजी म्हणाले.

बायको वैतागली. "लावा एकदाची शर्यत. हे हरले तर यांचा डबा भंगारात. तू हरलास तर पुन्हा चिंध्या म्हणायचं नाही. निकाल मी देणार."

दोन्ही डबे तारेने जोडले. मेहुण्याची गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. घड्याळजींची उचकी लागल्यासारखी. शेवटच्या वळणावर ती भिंतीवर आदळली आणि पेटली. पहिल्या कार्डाने जाळ दाखवला, दुसऱ्याने दाखवला, तिसऱ्याने धूर. चौथं मात्र सर्वांत म्हातारं, त्याला खबरच पोचली नव्हती. त्याच्या चित्रात गाडी धडधाकट पळत होती. आता वडीलधाऱ्याला खोटं कोण पाडणार? बाकीच्या तिघांनी मुकाट आग विझवली आणि गाडी नाकभर पुढे राहून रेषेपार गेली. पटत नसेल त्याने घड्याळजींना विचारावं.

"मेलेली गाडी जिंकते होय?" मेहुणा म्हणाला. "ताई, तूच सांग."

घड्याळजींची मान खाली. खाटकाकडे निघालेल्या बैलाला थोपटावं तसा त्यांनी डब्यावर हात ठेवला. डबा चांगलाच तापला होता.

बायको डब्यामागे गेली. तिथे तिने दोरी कधी बांधली, हे घड्याळजींनाही ठाऊक नव्हतं. दोरीवरच्या चादरी तिने एकेक चाचपून पाहिल्या.

"हे जिंकले," ती म्हणाली.

"तू पडद्याकडे बघत तरी होतीस का?"

"तुझ्या त्या विटेने आजवर एक पायमोजा तरी वाळवलाय?"

घड्याळजींनी छाती फुगवली, तोच ती चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "अहो, जाड रजया राहिल्यात. पाचवं बसेल का त्यात?"