झिपऱ्याच्या पाठीवरची पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. तळहाताहून लहान आहे, पण माझ्यात औषध भरलंय फार कडक. ते कातडीतून हळूहळू आत सोडायचं नि दुखणं हलकं करायचं, एवढंच माझं काम.

पोंभुर्ण्याजवळच्या एका गावातल्या झिपऱ्या नावाच्या कुत्र्याच्या वाट्याला मी आले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रानडुक्कर त्याच्या मालकिणीवर, देवकाबाईंवर धावून आलं, तेव्हा हा मध्ये पडला. त्याची मांडी पार फाटली. गुरांच्या डॉक्टर रिनाताईंनी टाके घातले, पाठीवरचे केस काढून मला चिकटवलं आणि देवकाबाईंना बजावलं,

"बाई, हिले हात नोका लावू. त्याले चाटू देऊ नोका, लेकराईले दूर ठेवा. अन् आगीजवळ त्याले बिलकुल नेऊ नोका. गरम झाली का औषध भसाभस आत जाते."

घरी आल्यावर त्याचं कण्हणं थांबलं. देवकाबाई भात कालवून त्याला हातानं भरवायच्या. मलाही बरं वाटायचं.

एका गारठ्याच्या सकाळी त्या मासळी विकायला गेल्या. झिपऱ्या कुडकुडत होता. त्यांच्या नवऱ्याला, केवळरामभाऊंना ते बघवेना. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. त्यांनी त्याला मायेनं उचललं आणि शेकोटीशी निजवलं.

मी तापले. औषध मला आवरेना. माझ्याखाली त्याचा श्वास मंद होत गेला, आणि मला ओरडता येईना.

देवकाबाई परतल्या. "झिपऱ्या!" शेपटी हलली नाही.

"चांगला झोपून राह्यला. काऊन उठवतं त्याले?" केवळरामभाऊ म्हणाले.

"अवो, हा झोपला नाई! उचला आगीपासून!"

देवकाबाईंनी लगेच फोन लावला. रिनाताई म्हणाल्या, "हाताले पिशवी गुंडाळा, मंगच पट्टी काढा. चिकट बाजू आत घेऊन घडी करा, डब्यात बंद करा. हात धुवा अन् त्याले घेऊन या, आत्ताच!"

मीही डब्यातून दवाखान्यात आले. तिथं त्याला माझ्या औषधाचा अंमल उतरवणारी सुई दिली. केवळरामभाऊ दाराशीच थांबले होते. "मले वाटलं, त्याले ऊब भेटन," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बऱ्याच वेळानं झिपऱ्यानं डोळे उघडले.

आता रिनाताईंच्या कुलूपबंद पेटीत मी पडून आहे. वापरून झाले, तरी थोडं औषध माझ्यात उरतंच. म्हणून सांगते, माझ्यासारखीला उकिरड्यावर टाकू नका, जिथून आणली तिथे परत द्या.

डब्यातून काढून मला पेटीत ठेवलं, ती बंद होण्याआधी शेवटचं दिसलं ते एवढंच. केवळरामभाऊंनी खाली बसून तोंड लपवलं होतं, आणि झिपऱ्या लंगडत जाऊन त्यांचे हात चाटत होता.