सासूबाईंचं चर्च

डोंगरावरचं जुनं मिशन चर्च एकदा बघून येऊ, असं सासूबाई जेवताना नुसतं बोलल्या, तर खाटकाने आधी खुर्ची भिंतीवर आपटली आणि मग विचारलं, "कुठं जायचंय?" त्याचं सगळं असंच. आधी हात चालणार, मग तोंड, आणि डोकं सगळ्यांच्या शेवटी, आलं तर आलं. खुर्चीचा पाय निखळला. सुनेने तो उचलून कोपऱ्यात ठेवला आणि पोरीच्या ताटलीत पावाचा तुकडा ठेवला, जणू काही झालंच नाही.

घर दुकानाच्या मागेच होतं. पुढे मटणाचं दुकान, मधे धुण्याची मोरी, मागे स्वयंपाकघर आणि झोपायच्या दोन खोल्या. माणसं चार: खाटीक, त्याची आई, त्याची बायको आणि दुधाचे दात पडायला लागलेली चिमी. गिऱ्हाइकांशी हा माणूस लोण्यासारखा मऊ. म्हाताऱ्यांना मांस बारीक करून देई, पोराबाळांची चौकशी करी. मधला पडदा सारून आत आला की त्याच तोंडाला काय व्हायचं कोण जाणे. मीठ कमी पडलं तर थप्पड, जास्त पडलं तर ताटली अंगावर, आणि मीठ अगदी बेतशीर असलं तर आज एवढा चांगुलपणा कशाला, म्हणून संशय.

टेबलावर साखरेची एक बरणी असे. जाड निळ्या काचेची, सासूबाईंच्या माहेरची. त्या घरात काचेचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. मुलाचा पारा चढायला लागला की तो सगळ्यांच्या आधी सासूबाईंना कळे. त्या उठत आणि बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवत. बरणी हलली की चिमी मोरीत जाऊन आतून कडी लावून घेई. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. सून मात्र टेबलापाशीच राही, कारण तिला उचलून फळीवर कोण ठेवणार? ह्या एका गोष्टीसाठी तिचा सासूवर मनस्वी राग होता. ही बाई काच वाचवते आणि माणूस खुशाल फुटू देते, असं तिला वाटे.

पण चर्चची गोष्ट निघाली तेव्हा सुनेने मनातल्या मनात सासूचे पाय धरले. तिला त्या सहलीची नितांत गरज होती. चर्चच्या पायऱ्यांपासून डोंगराच्या पलीकडच्या उताराला दुसरी गाडी लागते. ती गाडी ज्या गावाला जाते तिथे तिच्या मोठ्या बहिणीचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. बहिणीने निरोप धाडला होता, पोरीला घेऊन ये, वरची खोली रिकामी आहे. एकटीने घराबाहेर पडायची सोय नव्हती. बाजाराला निघाली तरी हा दुकानाच्या दारात उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत बसे. सगळ्यांनी मिळून सहलीला जायचं, खाटकाने पोटभर जेवून सावलीत आडवं व्हायचं, आणि तो घोरायला लागला की चिमीचा हात धरून पलीकडच्या गाडीत बसायचं. बेत एवढाच होता. फसला तर पुढे काय होईल, ह्याचा ती विचारच करत नसे.

सासूबाईंनी तर चर्चचं तुणतुणंच लावलं. डोंगर फोडून बांधलंय म्हणे. घंटा वाजली की दोन्ही दऱ्यांत ऐकू जाते. आत एक निळी खिडकी आहे, तिच्याखाली उभं राहिलं की आपला हात कोपरापर्यंत निळा दिसतो. चिमी तर येडीच झाली त्या खिडकीपायी. "मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघू दे रे," असं म्हातारी रोज म्हणे. शेवटी एक दिवस ती हेच दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत बोलली. तिथे खाटकाला नाही म्हणता येईना. "नेतो की, आईला नाही नेणार तर कुणाला?" असं हसत हसत म्हणाला, आणि पडद्याआड येऊन बायकोच्या पाठीत लाथ घातली, म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात हे खूळ तूच घातलंस म्हणून.

एका दिवसाच्या सहलीचं ते ठरवणं, पण त्या घरात ती लढाईच झाली. गाडी पहाटेची की सकाळची, ह्यावरून त्याने तिचा हात पिरगळला. अंडी उकडून न्यायची की नकोत, ह्यावरून पातेलं खिडकीबाहेर गेलं. छत्री एक की दोन, ह्यावर तिचा ओठ फुटला, आणि छत्री शेवटी एकच ठरली. ती रक्त पुसून म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." प्रत्येक तडाख्याबरोबर सहल पक्की होत चालली होती, आणि तिला तेवढंच हवं होतं. रोज निदान एकदा बरणी फळीवर जाई आणि खाली येई.

आता धारेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिनसलं. खाटकाचा हात कापण्यात बसलेला होता, पण धार लावणं त्याला कधी जमलं नाही. ते काम त्याच्या आईकडे होतं आणि आईने सुनेला शिकवलं. सुऱ्या आणि सत्तूर ह्यांच्या दोन जोड्या होत्या. एक जोडी आज वापरायची, दुसरी तोवर विसावा घेणार. उद्याच्या जोडीला आज संध्याकाळी धार लावायची, त्याच्या आधी नाही. शिळी धार चालत नाही, हा त्या घराचा नियम होता. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवायचं असलं तर धारेच्या दगडाला हातसुद्धा लावायचा नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी खाटकाने दुपारीच दुकान आवरलं आणि तो न्हाव्याकडे गेला. सून धारेच्या दगडापाशी बसली. डोकं पलीकडच्या गाडीत जाऊन बसलं होतं आणि हात आपली रोजची वाट चालत होते. एक जोडी झाली. मग तिच्या मनात काय आलं असेल? आलं ते असं, की आपण गेल्यावर ह्याला धार लावता यायची नाही, दुकान कसं चालवेल हा? ज्याने तिच्या बरगड्या मोडल्या त्याचीच ही काळजी. तिने दुसरी जोडीही ओढून घेतली. जीव ओतून धार लावली. मग गंज चढू नये म्हणून एकेका पात्याला तेल पुसलं आणि सगळ्या सुऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. घर सोडणारी बाई जाताना चूल सारवून जाते ना, तसंच झालं.

खाटीक परत आला तो गुळगुळीत हनुवटी कुरवाळत, शीळ घालत. पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि त्याला टेबलावर गुंडाळी दिसली. त्याने ती उलगडली. एका सुरीवर अंगठा फिरवला. दुसरी घेतली, तिसरी घेतली, सत्तूर घेतला. शीळ थांबली.

"उद्या दुकान बंद," तो हळू आवाजात म्हणाला. "परवासाठी धार लावायची ती उद्या संध्याकाळी, परत आल्यावर. मग ही आज कशाला लावलीस? तीही दोन्ही जोड्यांना? आणि वर तेल?"

"रिकामी बसले होते," सून म्हणाली. "म्हटलं, उरकून टाकू."

"उद्या संध्याकाळी तू कुठं असणार आहेस?"

एरवी तिच्याकडे दहा थापा तयार असत, पण त्या घटकेला एक येईना. खाटकाने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तिच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. चिमी दारात उभी होती आणि बरणीकडे बघत होती. बरणी जागची हलली नव्हती, म्हणून पोर आत पळावं की नाही ह्या विचारात तिथेच थिजली होती.

"कोणत्या हाताने लावतेस धार? ह्याच ना?" त्याने तिचा उजवा हात ओढून टेबलावर आडवा दाबला आणि दुसऱ्या हाताने सत्तूर उचलला. "तुझीच धार आहे. कशी लागलीय बघू."

तिला पातं दिसत होतं. आपणच लावलेली धार किती चांगली आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने हात सोडवायला जिवाच्या आकांताने ओढ घेतली, पण त्याचं सगळं वजन मनगटावर होतं. तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला सासूबाई दिसल्या. त्या उठल्या, टेबलाशी आल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी बरणी उचलली. चिमी वाऱ्यासारखी मोरीत पळाली. कडी वाजली. झालं, सून मनाशी म्हणाली. वाचली बाई हिची काच.

सासूबाई फळीकडे गेल्या नाहीत. त्यांनी बरणी डोक्याच्या वर नेली आणि मुलाच्या कानामागे घातली.

जाड काच फुटते तेव्हा मोठा आवाज होत नाही. सत्तूर टेबलात रुतला, सुनेच्या करंगळीला घासून. खाटीक गुडघ्यांवर आला, उठायला गेला, आणि हातात उरलेलं बरणीचं बूड सासूबाईंनी पुन्हा एकदा घातलं. मग तो पालथा पडला. सगळीकडे साखर सांडली होती आणि रक्त लागलं तिथे ती लाल होत चालली होती.

म्हातारीने त्याच्या नाकापुढे हात धरला. "श्वास चालू आहे," ती म्हणाली. "सूनबाई, डोंगराची दुपारची गाडी अजून मिळेल. पोरीला काढ मोरीतून."

"तुम्ही पण चला, आई." सून म्हणाली. "हा उठला तर तुम्हाला जिवंत ठेवायचा नाही. चला, तुमचं चर्चही बघून होईल."

"कसलं चर्च?" सासूबाई खाली बसल्या आणि मुलाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "मला कुठं बघायचंय चर्च? ह्याचा बाप ह्याच्यापेक्षा वाईट होता. ह्याला कडेवर घेऊन मी त्या चर्चची सहल किती वेळा ठरवली, मोजदाद नाही. पलीकडे गाडी जाते एवढं एकच माहीत होतं मला. एकदा तर पाव आणि अंडी बांधून स्टँडवर जाऊन बसले. तिथं ह्याने रडून आकांत मांडला, बाबा पाहिजे म्हणून. आले परत." त्यांनी पदराने त्याच्या कानामागचं रक्त पुसलं. "तुझं मला कधीच कळलं होतं. नाहीतर मी कशाला रोज तेच दळण दळत बसले असते?"

सून रडायला लागली. इतकी वर्षं जिच्यावर दात खाल्ले तिच्यापुढे आता कुठल्या तोंडाने उभं राहायचं ते तिला कळेना.

"रडायला गाडीत वेळ मिळेल," सासूबाई म्हणाल्या. "मी इथंच थांबते. डोळे उघडले की ह्याला आधी मी दिसले पाहिजे. मी दिसले तर घटकाभर तरी तोंडच चालवेल, तेवढ्यात तुम्ही लांब जाल. आणि त्या सुऱ्या उचल. एकही ठेवू नकोस ह्या घरात."

सुनेने सत्तूर टेबलातून उपटला आणि सगळं फडक्यात बांधलं. करंगळीला चिंधी गुंडाळली, तोंड धुतलं. चिमीला मोरीतून बाहेर काढताना तिचे डोळे हाताने झाकले. पोरीने विचारलं, "आजी येत नाही?" तेव्हा सासूबाईच आतून म्हणाल्या, "तू बघून ये गं माझ्या वाटची."

गाडी वर पोचली तेव्हा उन्हं उतरत होती. चर्च लहानसंच होतं, जाड दगडी भिंतींचं, पांढऱ्या चुन्याचं. घंटा हातभर उंचीची, दोन दऱ्या कसल्या, पायऱ्यांच्या खाली ऐकू आली तरी पुष्कळ. सुनेने आधी मागच्या बाजूला जाऊन सुऱ्यांचं गाठोडं दरीत टाकलं. तोवर चिमी आत पळाली होती. बाहेर आली ती तोंड पाडून.

"सगळ्या खिडक्या साध्या आहेत. पांढऱ्या. आजी खोटं बोलली."

"आजी इथं कधी आलीच नव्हती, बाळा," सून म्हणाली. निळा रंग म्हातारीने कुठून आणला होता ते तिला आता उमगलं. जन्मभर टेबलावर एवढीच एक निळी वस्तू होती, आणि तीही आज फुटली. ती पायरीवर मटकन बसली. खाली वळणावर त्यांची गाडी परत जायला वळत होती. त्या गाडीने उतरलं तर रात्रीच्या आत घरी पोचता आलं असतं, म्हातारी आणि तो ह्यांच्या मधे उभं राहता आलं असतं. तिचे पाय तिकडे वळलेही.

चिमीने तिचा पदर ओढला. "आई, मला घरी जायचंय. बाबा वाट बघतील." आणि ती रडायला लागली, भोकाड पसरून, लोक वळून बघतील अशी.

सुनेने पोरीला उचललं. पोर लाथा झाडत होती, तिच्या दुखऱ्या नाकावर बुक्क्या मारत होती, तरी तिने तिला सोडलं नाही. पलीकडच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा होता.

"बाई, परत जायचं असेल तर ती गाडी. ही तिकडे उतरते, आज पुन्हा वर येणार नाही."

"माहीत आहे," सून म्हणाली, आणि रडणाऱ्या पोरीला घट्ट धरून गाडीत चढली.