मार्लीनचे पित्ताचे खडे

गावातल्या कर्लिंग रिंकचा, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या आवाराचा, बर्फ ओरेस्ट बोयचुककडे सांभाळायला होता. सस्कॅचेवान प्रांताच्या मैदानातल्या ग्लेनव्हारमध्ये हिवाळाभर माणसं एक तर घरात असतात नाही तर रिंकवर, त्यामुळे बर्फ सांभाळणाऱ्या माणसाला गावात बरा मान असतो. ज्या शनिवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी फेब्रुवारीतले सामने होते. आजूबाजूच्या गावांतले संघ यायचे होते. ओरेस्ट सकाळपासून बर्फ खरवडत होता आणि त्याची बायको मार्लीन रिंकच्या स्वयंपाकघरात बटाट्याचे पिरोगी, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्या, भरत होती.

मेल्विन दार ढकलून आत आला. तो ओरेस्टचा शाळेपासूनचा मित्र, आणि काहीही सांगायचं झालं तरी हवामान सांगितल्यासारखं सांगायचा.

"तुझी बायको बटाट्याच्या पोत्यावर बसलीय," तो म्हणाला.

"बसू दे की. सकाळपासून उभी आहे."

"उठता येत नाहीये तिला."

ओरेस्टनं खरवडणी तिथेच टाकली. स्वयंपाकघरात मार्लीन पोत्यावर वाकून बसली होती, हात पिठानं भरलेले, चेहरा पिठाच्याच रंगाचा.

"पित्ताचे खडे," ती म्हणाली. "शेजारच्या सोनियाला झाले होते, अस्संच दुखत होतं तिला. तू बर्फ पुरा कर, मी थांबते."

"थांबतेस कशाला? चल."

"अरे, पाणी तापत ठेवलंय."

"मेल्विन बघेल पाण्याकडे."

मेल्विननं पातेल्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आयुष्यात त्यानं पाणी तापवलं होतं की नाही, देव जाणे.

यॉर्कटनचं हॉस्पिटल गाडीनं तासाभरावर. वाटेत ओरेस्ट बर्फाबद्दलच बोलत राहिला, कारण घाबरला की तो कामाबद्दल बोलायचा. तिसऱ्या पट्टीचा एक कोपरा अजून उंच राहिलाय, त्या पट्टीवर खेळणाऱ्या संघानं तक्रार केली तर मेल्विनला काही सांगता यायचं नाही. मार्लीन मधूनमधून दाराची कडी घट्ट धरायची, ओठ मिटून घ्यायची आणि मग सोडायची. दोन्ही बाजूंना पांढरी सपाट शेतं होती आणि रस्त्यावरून वाऱ्यानं भुरभुर बर्फ सरकत होता.

हॉस्पिटलात रोवेना नावाची एक बुटकी, चपळ नर्स पुढे आली. तिनं मार्लीनला पलंगावर झोपवलं, अंगावरचे स्वेटर एकामागून एक उतरवले, पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ओरेस्टकडे पाहिलं.

"कितवा महिना?"

"दुसरा," ओरेस्ट म्हणाला. "फेब्रुवारी."

रोवेनानं मग हाच प्रश्न मार्लीनला विचारला. मार्लीन छताकडे बघत राहिली.

"काही तरी घोटाळा होतोय," ओरेस्ट पुढे होऊन म्हणाला. "तुम्ही दुसऱ्याच कुणाचे कागद बघताय. ही मार्लीन बोयचुक. पंचेचाळीस वर्षांची आहे. आमचा मुलगा बावीसचा आहे, फोर्ट मॅकमरीला तेलाच्या कामावर. हिला खडे झालेत."

"मिस्टर बोयचुक, तुमच्या खड्याचं डोकं दिसतंय," रोवेना म्हणाली. "तुम्ही इकडे या आणि तिचा हात धरा."

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की त्याला ते नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. एक तरुण डॉक्टरीण धावत आली. कुणी तरी त्याच्या अंगावर निळा झगा चढवला, पण पायातले रिंकवरचे बूट तसेच राहिले आणि त्यांच्या तळाचा बर्फ वितळून फरशीवर ओल पसरली. मार्लीननं त्याचा हात असा पिळला की बोटं बधिर झाली. तो तिला "झालं, झालं" म्हणत होता आणि काय झालं हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. मग एक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि त्या पाठोपाठ चांगला खणखणीत.

"मुलगी," डॉक्टरीण म्हणाली.

ओरेस्टनं मागे वळून दाराकडे पाहिलं. ज्यांची मुलगी आहे ते लोक आता आत येतील, असं त्याला वाटलं असावं.

रोवेनानं ते गाठोडं त्याच्या हातात दिलं. लाल, सुरकुतलेलं तोंड, कपाळावर चिकटलेले काळे केस. मुलगी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघत होती. बापाला अशा वेळी काय वाटतं हे त्याला ठाऊक होतं. तारासच्या वेळी ते सगळं वाटलं होतं, तो रडलाही होता. आत्ता त्यातलं काही वर येत नव्हतं. वजन मात्र चांगलंच लागत होतं हाताला.

"छान आहे," तो म्हणाला, शेजाऱ्याच्या नव्या गाडीबद्दल बोलावं तसा.

मार्लीन डोळे मिटून पडली होती. तिच्या कानाकडे पाणी ओघळत होतं, पण चेहरा शांत होता. ते त्याला खटकलं. जिच्या पोटातून न कळता एक अख्खं माणूस बाहेर आलं, तिचा चेहरा असा असायला नको होता.

तो बाहेर कॉरिडॉरमध्ये आला आणि आधी आईला फोन लावला. ओल्हा बोयचुक ऐंशीच्या पुढची, ग्लेनव्हारच्या चर्चपलीकडे एकटी राहायची आणि फोनवर नेहमी ओरडून बोलायची.

"आई, मुलगी झाली."

"कुणाला?"

"आम्हाला."

"तुम्हाला कशी होईल? तुम्ही तर बर्फाच्या सामन्यांना गेलायत."

"आई, मार्लीनला झाली. आत्ता. मलाही आत्ताच कळलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हातापायानं धड आहे?"

"हो."

"मनगटाला लाल दोरा बांधला?"

"आई, हे हॉस्पिटल आहे."

"म्हणजे नाही बांधला. येते मी. मेल्विनला गाडी काढायला सांग."

मग त्यानं तारासला फोन केला. तारासनं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॅड, भरदुपारी घेतलीयस का?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग मॉमला दे फोन."

"ती झोपलीय. बाळंतीण आहे ती."

"डॅड, मी ख्रिसमसला घरी होतो. मी तिला मिठी मारली होती. मला कसं कळलं नाही?"

"मी रोज तिच्या शेजारी झोपतो," ओरेस्ट म्हणाला, आणि तो विचार त्याच्या तोंडून बाहेर पडल्यावरच त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

मार्लीन अंगानं मुळातच भरलेली. त्यात हिवाळ्याचे चार थर कपडे, आणि पाळी चुकायला लागली तेव्हा तिनं स्वतःच सांगितलेलं, आता वय झालं. त्यानं मान डोलावली होती. शरद ऋतूपासून ती त्याच्याकडे पाठ करून कपडे बदलायची. तेही त्यानं वयावरच घातलं होतं.

तो आत गेला. मार्लीन जागी होती, मुलगी तिच्या छातीशी. तो खुर्चीवर बसला.

"मार्लीन, तुला माहीत होतं?"

तिनं मुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"खोटं नको सांगू."

"माहीत होतं," ती म्हणाली. "आणि माहीत नव्हतं. दोन्ही खरं आहे."

"असं कसं असेल?"

"असतं. ऑक्टोबरात पहिल्यांदा हलली. मी भांडी घासत होते. मी स्वतःला सांगितलं, गॅस आहे. मग रोज सांगत गेले. रात्री लाथ मारली की म्हणायचे, कोबी बाधला." ती थांबली. "मागच्या वेळी आठवतंय ना?"

त्याला आठवत होतं. नऊ वर्षांपूर्वी मार्लीनला दिवस गेले होते. तिसरा महिनाही भरला नव्हता तोवर ओरेस्टनं अख्ख्या गावाला सांगून टाकलं, खोली पिवळी रंगवली, रिंकवर सगळ्यांना पाजली. मुलगी दिवस भरून झाली आणि जन्मलीच ती श्वास नसलेली. मग ज्या ज्या दारात आनंदानं सांगितलं होतं, त्या त्या दारात लोक त्याला विचारत राहिले, आणि तो सांगत राहिला. पुढे त्यानं पिवळ्यावर पांढरा रंग मारला. त्या मुलीबद्दल दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

"तुला मी कसं पाहिलंय ते मलाच माहीत," मार्लीन म्हणाली. "तू दुकानात जायचं बंद केलंस. कुणी विचारेल म्हणून. मला वाटलं, नाहीच म्हटलं तर नसलेलं जाईल कसं? मी नाही म्हणत राहिले."

"आणि काही झालं असतं तर? डॉक्टर नाही, औषध नाही. काल पिठाची पोती उचलत होतीस माझ्यासमोर."

"हो."

"काल, मार्लीन."

"हो म्हटलं ना."

तो उठला. त्याला ओरडायचं होतं, पण मुलगी झोपली होती. त्याला मार्लीनला जवळ घ्यायचं होतं, पण हात वर होत नव्हता. शेवटी त्याला एकच शहाणपणाची गोष्ट सुचली. "डायपर आणतो," असं म्हणून तो बाहेर पडला.

गाडीत बसून त्यानं इंजिन सुरू केलं आणि तसाच बसून राहिला. काच आतून धुक्यानं भरली. राग आला होता, ते नक्की. पण कुणाचा, ते हाती लागत नव्हतं. तिचा म्हणावं, तर तिनं त्यालाच वाचवायला हे केलं होतं. स्वतःचा म्हणावं, तर न सांगितलेलं त्याला कळावं कसं? आणि कळायला हवं होतं, तेही खरंच. त्या सगळ्याच्या खालून आणखी काही तरी हलत होतं, त्याला तो हात लावायला तयार नव्हता, कारण मागच्या वेळी त्यानं लावला होता.

दुकानात डायपरची अख्खी भिंत होती. ओरेस्टनं तीन वेगवेगळे पुडे उचलले आणि गल्ल्यावर नेऊन ठेवले. गल्ल्यावरच्या म्हातारीनं चष्म्यावरून पुडे पाहिले.

"बाळ केवढं आहे?"

"लहान आहे."

"लहानच असतात. वय किती?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जेवणाच्या वेळचं आहे."

"आजच्या?"

"आजच्या."

"पहिलं?"

"नाही. मोठा मुलगा आहे." तो पाकीट काढता काढता थांबला. "एक मुलगी होती. राहिली नाही. ही दुसरी मुलगी."

हे वाक्य त्यानं आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. मार्लीनपाशीही नाही. आणि आता ते एका अनोळखी बाईसमोर, च्युइंगमच्या बरण्यांशेजारी, सहज बाहेर पडून गेलं. त्यानं गल्ल्याच्या कडेला हात टेकला.

म्हातारीनं काही सांत्वन वगैरे केलं नाही. दोन पुडे उचलून बाजूला ठेवले. "हे चालत्या मुलांचे आहेत. हा एक ने. आणि पुसायचे ओले रुमाल घेतले नाहीस."

"ते कुठे असतात?"

"थांब, आणते. तू उभा राहू नकोस, बस तिथे."

तो हॉस्पिटलात परतला तेव्हा खोलीत त्याची आई पोचली होती. मेल्विन कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा होता. आईनं स्वतःच्या शालीचा लाल धागा उसवून मुलीच्या मनगटाला बांधला होता आणि रोवेना तो फार घट्ट नाही ना, हे बोट घालून बघत होती.

"नाव काय ठेवलंत?" आईनं विचारलं.

"अजून काही नाही," मार्लीन म्हणाली.

"मग हाक कशी मारू मी?"

"मारू नकोस अजून, झोपलीय," ओरेस्ट म्हणाला. मग मेल्विनकडे वळला. "बर्फ कसा आहे?"

"वितळला नाही. पिरोगी मात्र सगळे फुटले. लोकांनी सूप म्हणून खाल्ले."

मार्लीन हसली, आणि हसता हसता कळ येऊन तिचं तोंड वेडंवाकडं झालं. आई मेल्विनला घेऊन चहा शोधायला गेली. रोवेनाही गेली. ओरेस्ट पलंगाच्या कडेला बसला, या वेळी खुर्चीवर नाही.

"मी रागावलोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कुणावर ते कळत नाहीये."

"कळलं की सांग."

"आणि मी दुकानातल्या बाईला सांगितलं. पहिलीबद्दल."

मार्लीननं त्याच्याकडे पाहिलं. मग सरकून त्याला जागा केली. तो बुटांसकट पलंगावर आडवा झाला आणि त्याला रडू आलं. कुठल्या मुलीसाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

दोन-तीन दिवसांनी मार्लीन मुलीला घेऊन घरी आली. तोवर गावानं ओसरी भरून टाकली होती: पाळणा, दुपटी, कोबीचे रोल, कुणाच्या नातवाचे जुने मोजे. प्रत्येक जण ओरेस्टला एकच विचारत होता, खूश आहेस ना? तो म्हणायचा, "हो, म्हणजे, हो." लोक हसायचे. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. जेवढं कळलं होतं तेवढंच तो सांगत होता.

नाव लारिसा ठेवलं. ते मार्लीननं सुचवलं आणि ओरेस्टनं लगेच हो म्हटलं, मग रात्रभर त्याला दुसरी नावं सुचत राहिली.

पुढच्या रविवारी दुपारी तारास आला. लांबून गाडी चालवत आला होता, दाढी वाढलेली, डोळे लाल. तो दारातच उभा राहिला, बूट काढायचेही विसरून, आणि बापाच्या खांद्यावर पालथी झोपलेली बहीण बघत राहिला.

"डॅड," तो हळूच म्हणाला, "आता काय करायचं असतं आपण?"

"मला काय माहीत," ओरेस्ट म्हणाला. "हात धू आणि बस. देतो तुझ्याकडे."