टाकीच्या गळ्यातला पांढरा पट्टा

टाकीला घाम फुटलाय असा फोन आला, तेव्हा धाकट्याचा चहा कपातच होता. तो तसाच टाकून तो निघाला.

धाकटा म्हणजे सासरच्या हिशेबाने धाकटा जावई. एरवी तो टाक्यांचा डिझायनर, चारचौघांत साहेब म्हणवून घेणारा. पण त्याच आवारात त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, टाकी भरणाऱ्या टोळीचा मुकादम होता. पोटात काही ठेवणं त्या माणसाला जन्मात जमलं नाही. आल्या आल्या त्याने सगळ्यांना नातं सांगून टाकलं, "आम्ही दोघं साडू. एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं!" तेव्हापासून आवारात एक थोरला झाला आणि एक धाकटा. हे काम थोरल्याला मिळालं होतं ते धाकट्याने शब्द टाकला म्हणून.

स्वयंपाकाचा गॅस ढिगाने साठवायचा तर तो इतका गार ठेवावा लागतो की पाण्यासारखा पातळ होऊन पडून राहतो. त्यासाठी टाकीच्या आत टाकी बांधतात, थर्मासला असते तशी दुहेरी भिंत. दोन भिंतींमधल्या पोकळीत परलाइट नावाची पांढरी, फुसफुशीत भुकटी भरतात. पोतं उचललं तर रिकामंच वाटावं अशी ती हलकी. थोरल्याची टोळी ती वरून ओतायची आणि बाहेरच्या भिंतीला मशीनने दणके देत खाली बसवायची. नीट बसवली नाही तर ती पुढे आपली आपण बसते, वर पोकळी राहते, आणि तिथून आतला गारवा बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतो. महिनाभर थोरला रोज गिरणीवाल्यासारखा पांढरा होऊन घरी जात होता.

आता टाकीत पहिल्यांदा गॅस घेतला होता, आणि बाहेरच्या भिंतीच्या अगदी वर, गळ्यापाशी, हिमाचा पांढरा पट्टा उमटला होता. त्याच्याखाली भिंत घामाने निथळत होती.

धाकटा जिना चढून वर गेला. मागून थोरला धापा टाकत आला.

"भाऊ, तुम्ही इथंच थांबा," धाकटा म्हणाला आणि कठड्याला धरून टाकीभोवती फिरला. पट्टा सगळीकडे सारखा होता. कुठे रुंद नाही, कुठे अरुंद नाही. भरणाऱ्याने हयगय केली असती तर इथे एक डाग, तिथे एक डाग दिसला असता. भुकटी चारी बाजूंनी सारखीच खाली गेली होती, आणि तसं होण्याचं कारण एकच होतं.

गार झाली की आतली टाकी आकसते. पोकळी रुंदावते, भुकटी खाली सरकते. ती सरकणार हे धरूनच वरती जास्तीची भुकटी राखून ठेवतात. किती राखायची, हे डिझायनर ठरवतो. धाकट्याने तो राखीव थर आधीच्या, लहान टाकीवरून जसाच्या तसा उचलला होता. मागाहून बघू म्हणाला आणि मागाहून विसरला. मोठी टाकी जास्त आकसते, हे त्याने स्वतः नव्या लोकांना कितीदा तरी शिकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

दुपारी मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले. धाकट्याने मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. माझा थर कमी पडला, एवढंच तर म्हणायचं होतं. त्याने घसा साफ केला, तेवढ्यात थोरलाच उठून उभा राहिला.

"साहेब, चूक माझी आहे. एक दिवस ऊन फार होतं. जेवण झाल्यावर मशीनवरची पोरं गळून गेली होती, म्हणून त्यांना सावलीत बसवलं. मशीन बंद होतं आणि पूर्वेकडच्या बाजूला भुकटी पडत होती. मी म्हटलं, एका दुपारनं काय होतंय."

"म्हणजे दणके दिलेच नाहीत?"

"त्या दुपारी नाही दिले."

मॅनेजर धाकट्याकडे वळला. "तुम्हाला काय वाटतं? यानेच झालं असेल?"

एका बाजूच्या एका दुपारने अख्ख्या टाकीला गोल पट्टा येत नाही. हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं, आणि तो एक जण टेबलावरच्या ग्लासाकडे बघत होता.

"शक्यता आहे," धाकटा म्हणाला.

झालं. दोन शब्दांत काम आटोपलं. भुकटी कमी पडली ती थोरल्याच्या टोळीने पुन्हा भरून द्यायची, आणि बाजूला उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या टाकीवर त्यांनी पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. बाहेर आल्यावर थोरल्याने धाकट्याचा हात धरला. "तू नुसतं शक्यता आहे म्हणालास. दुसरा असता तर मला उभा सोलला असता."

धाकट्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमिनीला असली कामं नसतात.

थोरल्याने भुकटी भरली. काही दिवसांत पट्टा विरला, भिंत कोरडी झाली. घरी बायको म्हणाली, "ताईचा फोन होता. भाऊजी सगळ्यांना सांगत सुटलेत, साडू पाठीशी उभा राहिला म्हणून."

"जेवायला वाढ," धाकटा म्हणाला. जेवला मात्र नाही.

दुसऱ्या टाकीचं डिझाइनही तेच होतं, चुकीसकट. ते तसंच ठेवणं म्हणजे पाप, आणि बदलावं तर कुणीतरी विचारणार, का बदललं? सांगून टाकायची ही दुसरी संधी होती, आणि तशी ती दारात येऊन बसली होती. धाकटा मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "राखीव थर वाढवू या. भरणाऱ्यांचा काही भरवसा नसतो."

"वा! दुधानं तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून प्यायचं," मॅनेजर खूश झाला. "याला म्हणतात जबाबदारी."

दुसरी टाकी नव्या टोळीने भरली. ती गार झाली. गळ्यापाशी ना घाम, ना हिम. आवारात जो तो म्हणू लागला, बघा, माणसं बदलली आणि टाकी सुधारली! चूक थोरल्याचीच का, अशी जी काही थोडी शंका शिल्लक होती, तीही त्या कोरड्या भिंतीने मिटवून टाकली. आता दोष त्याचाच होता, पुराव्यासकट.

एका सकाळी थोरला आवारात आला. टोळीची उरलीसुरली अवजारं न्यायची होती. त्याला कुठेच काम लागलेलं नव्हतं. जिथे जाई तिथे पहिल्या टाकीची कथा त्याच्या आधीच पोचलेली असायची. त्याने धाकट्याला गाठलं. "नव्या टाकीवर एकदा नेऊन दाखव ना. डोळ्यांनी बघू दे."

दोघं जिना चढले. या खेपेला थोरला पायरी पायरीवर थांबत होता. वर पोचल्यावर त्याने भिंतीला तळवा लावला, मग दुसरा लावला. उन्हाने भिंत कोमट झाली होती. मग टाकीभोवती पूर्ण चक्कर मारून, जागोजागी हात लावून, तो परत आला.

"कुठंच थेंब नाही," तो म्हणाला. "छान भरलीय रे पोरांनी. खरं सांगू? इतके दिवस मनात एक किडा होता. वाटायचं, एका दुपारनं एवढं होतं का? आपलं नसेलही चुकलं. रात्र रात्र तेच घोळवायचो. आज किडा मेला."

"भाऊ..." धाकटा म्हणाला.

"थांब, मला बोलू दे. तू शब्द टाकून काम दिलंस आणि मी तुझ्या नावाला बट्टा लावला. घरात बोलायला तोंड नव्हतं, म्हणून इथं आलो. मला माफ कर." आणि वयाने, मानाने मोठा असलेला तो माणूस हात जोडून उभा राहिला.

धाकट्याने घाईघाईने ते जोडलेले हात खाली केले. खरं बोलायला याहून सोपी जागा त्याला उभ्या आयुष्यात मिळणार नव्हती. वारा होता, खाली कुणी ऐकत नव्हतं, आणि समोरचा माणूस त्याच्यावर रागावला तरी त्याला टाकणारा नव्हता. सगळं कळत होतं त्याला.

"जाऊ द्या हो, भाऊ," तो म्हणाला. "मी कधीच माफ केलंय."

थोरल्याने डोळे पुसले आणि जिना उतरायला लागला. खाली जाता जाता तो कितीतरी दिवसांनी गुणगुणत होता.